पाच वॅट आणि दहा मीटर तार

“पाच वॅटमध्ये काय बोलणं होणार?” नव्या हॅमला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो, आणि विचारणारा बहुधा शंभर वॅटच्या सेटचा मालक असतो. वाद घालण्यापेक्षा हिशेब करावा. शंभर म्हणजे पाचाची वीसपट, डेसिबलमध्ये १३. रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणारं एस-मीटर असतं, त्याचं एक घर ६ डेसिबलचं धरतात. म्हणजे शंभरावरून पाचावर उतरलं की समोरच्याच्या मीटरवर आपण दोन घरं आणि वर चिमूटभर एवढेच खाली येतो. आठव्या घरावर ऐकू येणारा माणूस पाचव्या-सहाव्या घरावर ऐकू येईल. बँड फारच गजबजलेला नसेल तर तेवढ्यात काम होतं.

आता दुसरी बाजू. सेटच्या पाठीत खोचायची हात-दीड हात लांबीची दांडी ७ मेगाहर्ट्झवर वापरली, तर त्या पाचातली बहुतेक पॉवर दांडीच्या बुडाशी असलेली कॉइल तापवण्यात आणि जमिनीत जिरते. हवेत जातं ते उरलंसुरलं. सेट लाखाचा असला तरी त्याला इलाज नाही. म्हणून कोणता सेट घ्यावा यावर खल करण्यात जाणारा वेळ तार मोजण्यात आणि टांगण्यात घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉलसाइन मिळवलेले हौशी लोक ठरावीक लघुलहरी पट्ट्यांवर जगभर बोलतात, त्यांना हॅम म्हणतात. परवाना हातात येईपर्यंत पाठवण्याचं बटण दाबायचं नाही, हा पहिला नियम. मोर्सच्या कट्ट-कडकट्टसाठी ५ वॅट आणि बोलण्यासाठी १० वॅटपर्यंत पॉवर वापरणं म्हणजे क्यूआरपी. एफटी-८१७, क्यूएमएक्स, किंवा हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला, घरी जोडता येणारा बिटएक्स, असे सेट यासाठी वापरात आहेत. सेट, छोटी बॅटरी, हेडफोन आणि तार एवढं सगळं ट्रेकच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी मावतं. आणि गडावर जाण्यात नुसती हौस नाही. शहरात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर मिळून बँडवर जी सततची खरखर करतात ती डोंगरावर नसते. समोरून येणारा बारीक सिग्नल तिथे सुटा ऐकू येतो.

घरात व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेल्यांना भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी आठवत असेल. एरियल. तिची लांबी कोणी मोजत नसे, आणि नुसतं ऐकायचं असेल तर मोजायची गरजही नाही. पाठवायचं असेल तर मात्र तारेची लांबी लहरीच्या मापात बसावी लागते. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. १४.०६ मेगाहर्ट्झवर, जिथे जगभरचे क्यूआरपीवाले मोर्समध्ये भेटतात, लहर भरते २१.३४ मीटर. तिच्या निम्मी १०.६७. पण प्रत्यक्ष तार याहून सुमारे पाच टक्क्यांनी आखूड लागते, कारण टोकाशी साचणाऱ्या विद्युतभारामुळे ती आहे त्यापेक्षा किंचित लांब असल्यासारखी वागते. व्यवहारात १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा: १० मीटर १३ सेंटिमीटर. प्लास्टिकचं वेष्टण असेल तर अजून थोडी कमी.

अशी निम्म्या लहरीची तार तंबोऱ्याच्या तारेसारखी वागते. तंबोऱ्याची तार छेडली की मधोमध पोट येतं आणि दोन्ही टोकं जागची हलत नाहीत. इथे विद्युतप्रवाहाचं तसंच: मध्यावर सर्वांत जास्त, टोकांना शून्य. व्होल्टेजचं बरोबर उलटं. टोकांना चढलेलं, मध्यावर पडलेलं. पुढची सगळी कारागिरी या एका गोष्टीतून निघते.

तार मधोमध कापून तिथे केबल जोडली की झाला डायपोल. मध्यावर प्रवाह जास्त आणि व्होल्टेज कमी, म्हणून तिथला इंपिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, कमी असतो: मोकळ्या अवकाशात ७३ ओहम. दोन्ही हात उलट्या ‘व्ही’सारखे खाली उतरवले की तो ५० च्या आसपास येतो, आणि सेटला नेमके ५० हवे असतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर नको, ट्यूनर नको. हातात फक्त पक्कड आणि टेप. पहिला अँटेना प्रत्येकाने हाच करावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ०.५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर सहज मिळते. मध्यावर पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा, टोकांना शर्टाची मोठी बटणं. पाच वॅटला चिनी मातीचे इन्सुलेटर लागत नाहीत.

डायपोलची अडचण गडावर कळते. फायबरग्लासची गळाची काठी सहा-सात मीटर उघडली की तिचं शेवटचं पेर करंगळीपेक्षा बारीक असतं. त्याला तार पेलते, पण तिथून लोंबणाऱ्या केबलचं वजन पेलत नाही. काठी धनुष्यासारखी वाकते आणि अँटेना दोन मीटर खाली येतो. म्हणून भटक्या हॅमची पसंती टोकातून फीड केलेल्या अर्धलहरी तारेला. ही कल्पना जुनीच आहे. जर्मन झेपेलिन हवाई जहाजांतून अशी टोकाकडून फीड केलेली तार खाली सोडत, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस योसेफ फुक्स या ऑस्ट्रियन हौशी माणसाने तिला हॅमच्या घरात आणलं.

टोकाला व्होल्टेज चढं आणि प्रवाह जेमतेम, त्यामुळे तिथला इंपिडन्स अडीच-तीन हजार ओहमच्या घरात जातो. सेटच्या ५० शी त्याचा मेळ बसवायला ४९ पट फरक मिटवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. इंपिडन्सचं गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढं असतं, आणि ४९ हा ७ चा वर्ग. एका बाजूला ३ वेढे, दुसऱ्या बाजूला २१.

हा ट्रान्सफॉर्मर करताना हात आखडता घेऊ नये. कोअर घ्यायचा तो एफटी-११४-४३. ११४ म्हणजे बाहेरचा व्यास इंचाच्या शतांशात, साधारण २९ मिलिमीटर. ४३ हा फेराइटच्या मिश्रणाचा क्रमांक. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी रिंग दिसायला अशीच असते आणि फुकट मिळते, पण ती लोहचूर्णाची, वेगळ्या कामासाठी बनवलेली असते. लघुलहरींवर ती पॉवर गिळते. दुकानदार “सेम आहे” म्हणाला तरी घेऊ नका. तांब्याची इनॅमल वायर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. अर्धा मिलिमीटर जाडीची मीटरभर पुरे, त्याच्याकडे ती भंगारातही निघेल.

वायरचं एक टोक वीसेक सेंटिमीटर दुमडून त्या भागाला पीळ द्यायचा, म्हणजे पहिले तीन वेढे दोन्ही वायरींचे एकत्र बसतात. तीन झाले की आखूड वायर बाजूला काढायची आणि लांब वायर पुढे गुंडाळत २१ पर्यंत न्यायची. वेढे मोजण्यात इथे नव्या माणसाची गल्लत होते. वायर रिंगच्या भोकातून एकदा आरपार गेली की तो एक वेढा. बाहेरून किती फिरली याचा संबंध नाही, आणि अर्धा वेढा असा प्रकारच नसतो. भोकाच्या आतल्या बाजूने दिसणाऱ्या तारा मोजाव्यात. दुमडीच्या जागचं टोक केबलच्या जाळीला, तीन वेढ्यांनंतरचं टोक केबलच्या मधल्या तारेला, एकविसाव्यानंतरचं टोक अँटेनाला. सोल्डर करण्याआधी इनॅमल पॉलिश पेपरने तांबं लखलखेपर्यंत खरवडायचं, दुमडीच्या जागीसुद्धा. इनॅमल पारदर्शक असतं, राहून गेलेलं डोळ्याला दिसत नाही आणि मग जोड नुसता चिकटलेला राहतो. केबलच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर समांतर जोडला तर वरच्या पट्ट्यांवर मेळ सुधारतो. पाच वॅटला तिथे जेमतेम १६ व्होल्ट असतात, त्यामुळे साधा कपॅसिटर चालतो. सगळं वायरिंगवाल्यांच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत बसवायचं, वर एक बीएनसी सॉकेट.

तार जोडण्याआधी डबी तपासून घ्यावी. अँटेनाच्या जागी २.२ किलोओहम आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावले की २.४ किलोओहम होतात. आता मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या पॉवरवरून ठरणारं मेळाचं माप, एकाच्या जवळ दिसलं, तर वेढे बरोबर आहेत. चांगल्या बांधणीतही दहा-वीस टक्के पॉवर कोअर तापवण्यात जाते. डायपोलमध्ये हा तोटा नाही, हे टोकफीडच्या भक्तांनी मान्य करावं. पण काठी सरळ राहते आणि तार उंच जाते, त्यात हा तोटा भरून निघतो.

मग तार लावण्याची पाळी. सुरुवातीला तार मुद्दाम लांब, साडेदहा मीटर ठेवायची आणि ज्या उंचीवर वापरणार त्याच उंचीवर टांगून मोजायची, कारण जमीन जवळ-दूर झाली की आकडे सरकतात. हल्ली काही हजारांत मिळणारा नॅनोव्हीएनए हे काम पडद्यावर आलेख काढून दाखवतो. आलेखातला सर्वांत खोल खड्डा कुठे पडला ते पाहायचं. समजा तो १३.५५ मेगाहर्ट्झवर पडला. १०.५० ला १३.५५ ने गुणून १४.०६ ने भागा: १०.१२ मीटर. म्हणजे ३८ सेंटिमीटर जास्त आहेत. एकदम कापू नये. ३० कापावे आणि पुन्हा पाहावं. उरलेली जास्तीची तार कापण्याऐवजी बटणातून मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळली तरी लांबी कमी झाल्यासारखी होते, आणि पुढच्या वेळी सोडवता येते. या पट्ट्यावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण १४ किलोहर्ट्झ, हे लक्षात ठेवलं की अंदाज पटकन येतो.

एसडब्ल्यूआर १ वर आणण्याचा हट्ट मात्र सोडावा. १.५ असताना परत फिरणारी पॉवर ४ टक्के असते, २ असताना ११. समोरच्याला हे कळतही नाही. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तरी एसडब्ल्यूआर छान १ येतो, आणि त्यातून आवाज गावाच्या वेशीपर्यंतही पोचत नाही. मीटर फक्त एवढंच सांगतो की सेट खूश आहे. पॉवर कुठे गेली ते तो सांगत नाही.

टोकफीडच्या तारेला परतीचा मार्गही लागतो. बहुतेक वेळा केबलची जाळी ते काम गुपचूप करते. सेटला हात लावल्यावर एसडब्ल्यूआर हलत असेल, तर केबल अँटेनाचाच भाग झाली आहे असं समजावं. डबीतल्या जाळीच्या टोकाला मीटरभर तार जोडून ती जमिनीवर सोडली आणि केबलचे पाच-सात वेढे सेटच्या बाजूला फेराइटच्या रिंगवर घेतले की हा चाळा थांबतो. केबल आरजी-१७४ घ्यावी. ती आरजी-५८ पेक्षा जास्त पॉवर खाते, पण पाच मीटरसाठी हा तोटा फार नाही आणि ती खिशात मावते.

टांगताना एकच गोष्ट पाळायची: तारेचं पोट उंच ठेवायचं. प्रवाह मध्यावर जास्त असतो आणि लहरी मुख्यतः तिथूनच निघतात. बरेच जण एक टोक काठीच्या शेंड्याला बांधून तार तिरकी खाली आणतात. सोपं पडतं म्हणून हरकत नाही, पण त्यात तारेचा मध्य तीन-साडेतीन मीटरवर राहतो. त्याऐवजी मध्य शेंड्यावर टाकून दोन्ही टोकं उतरवली, तर तीच काठी आणि तीच तार जास्त काम करते. टोकं माणसाच्या हाताच्या वर ठेवावीत. पाच वॅटलाही तिथे शंभराहून जास्त व्होल्ट असतात, चटका बसतो. झाड मिळालं तर काठी नकोच. गवंड्याकडची लाईनदोरी आणि अर्धी भरलेली पाण्याची छोटी बाटली फांदीवरून टाकायची. सह्याद्रीच्या माथ्यावर बहुधा झाडही नसतं आणि कातळात खुंटीही जात नाही. तिथे काठीला तीन ताण देऊन ते दगडांना गुंडाळावे लागतात, आणि वारा कोणत्या बाजूने आहे ते पाहून पहिला ताण त्या बाजूला.

दिशेचाही विचार करावा. पुरेशा उंचीवरची तार तिच्या आडव्या बाजूंना जास्त फेकते, टोकांच्या दिशेने कमी. महाराष्ट्रातून युरोप वायव्येला आहे, तेव्हा तार ईशान्य-नैर्ऋत्य धरावी. जपानसाठी याच्या काटकोनात. त्याहून मोठा फायदा जमिनीच्या उताराचा. दूरच्या संपर्कासाठी लहर क्षितिजालगत निघावी लागते, आणि त्यासाठी सपाट जमिनीवर १४ मेगाहर्ट्झची तार निदान अर्ध्या लहरीएवढी, म्हणजे दहा मीटर उंच हवी. सह्याद्रीची धार पश्चिमेला सुळकन कोकणात उतरते. अशा उताराच्या माथ्याजवळ सहा मीटरवरची तारसुद्धा त्या दिशेला बरीच उंच असल्यासारखी वागते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखी जागा त्या दृष्टीने हॅमसाठीच घडवल्यासारखी आहे. अर्थात काठी कड्याच्या टोकाशी नाही, चांगली आत लावायची, आणि गडावरचे वनखात्याचे, पुरातत्त्वखात्याचे नियम आधी विचारून घ्यायचे. सिंहगड पुण्याला जवळ म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात, पण तिथे प्रक्षेपणाचे मनोरे आहेत. साध्या रिसीव्हरला त्यांचा शेजार मानवत नाही.

नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा घरच्या मंडळींशी गप्पा मारायच्या असतील तर सगळं उलटं करायचं. त्यासाठी ७ मेगाहर्ट्झ, दिवसाची वेळ आणि सखल तार. चार-पाच मीटरवरच्या तारेतून लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फियरवरून छत्रीसारखी खाली येते, त्यामुळे मधले डोंगर आड येत नाहीत. त्यासाठी नवी डबी नको. तिच्यावर २० मीटरची तार लावली की ७ मेगाहर्ट्झ जमतं, आणि ती तार १४ वरही चालते, कारण तिथे तिच्यात दोन अर्धलहरी बसतात. एकच तार बाळगायची असेल तर मी हीच बाळगेन.

ऋतूंचं भान हवंच. एप्रिल-मेमधल्या दुपारी वळवाचे ढग घाटावर तासाभरात जमतात. पहिला गडगडाट ऐकू आला की केबल सेटमधून काढायची आणि काठी आडवी करायची, समोर जपान बोलत असला तरी. विजेच्या तारा जवळून जात असतील तर दोरी फेकूच नये. ती तार चालू आहे की बंद, याची चौकशीही करत बसू नये. गुंडाळताना तार इंग्रजी आठासारखी आडवी-उभी फिरवत पुठ्ठ्यावर घ्यावी. गोल भेंडोळं केलं तर पुढच्या वेळी अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. आणि माकडं असतील त्या गडावर खाऊ आणि तार, दोन्ही सॅकच्या आत.

दोन मांडण्यांत सरस कोणती हे ठरवायला हल्ली कोणाच्या मताची गरज नाही. रिव्हर्स बीकन नेटवर्क नावाची व्यवस्था आहे. जगभरच्या हौशी लोकांनी लावलेले रिसीव्हर मोर्समधले सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ अशा सगळ्यांना घातलेल्या हाका, आपोआप ऐकतात आणि कोणतं कॉलसाइन किती डेसिबलने ऐकू आलं ते इंटरनेटवर टाकतात. तिरक्या तारेवर दोन-तीनदा सीक्यू द्या, तार उलट्या ‘व्ही’त बदला, पुन्हा द्या, आणि मोबाइलला रेंज असेल तिथे येऊन त्याच रिसीव्हरचे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. दोन्हींमध्ये दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका, नाहीतर मधल्या मध्ये आयनोस्फियर बदलतो आणि तुलना तारेची न राहता आकाशाची होते.